न्यायाचं काम, सात हजारांचं मानधन

ताई, सप्रेम जय भीम.

मी खटाव तालुक्यातली, वय ३३. बारावीला असतानाच लग्न झालं, पुढं मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. नऊ वर्षं झाली, एका संस्थेत कार्यकर्ती आहे. नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांबरोबर आमचं काम. वेगळं रेशनकार्ड काढून देणं, पोटगी, सातबाऱ्यावर नाव, मारहाण झाली तर पोलीस ठाणं. बावीस गावं मी आणि आणखी तिघी सांभाळतो. मानधन सात हजार, चार वर्षांत एक रुपया वाढलेला नाही. पेट्रोल कधी मिळतं, कधी पदरचं. साताऱ्याच्या ऑफिसात बसतात त्यांना पगार आणि गावात फिरतो त्या आम्हाला मानधन. विश्वस्त सगळे शहरातले, आमच्या समाजातलं कुणीच नाही. मुंबईचे पाहुणे आले की मला पुढं बसवतात, ‘ही आमची दलित कार्यकर्ती’ म्हणून ओळख करून देतात. पाहुणे गेले की कप मीच विसळते.

यंदा एका कंपनीचा निधी आलाय, शिलाई मशीन आणि मसाले-पापडाच्या प्रशिक्षणासाठी. सर म्हणाले, आता पोलीस ठाणं, तहसील असल्या भानगडी कमी करा, कंपनीच्या नियमात बसत नाहीत. शिवाय एका परदेशी फंडाचा फॉर्म भरायचाय. आर्थिक, वांशिक आणि स्त्री-पुरुष न्यायासाठी तुमची संस्था काय करते, असं त्यात विचारलंय. गावची माहिती मला, म्हणून तोही मलाच दिलाय. वांशिकच्या रकान्यात काय लिहू? एक विश्वस्त रात्री उशिरा फोन करतात, कामाचं काही नसतं, ते असो. आम्ही चौघी म्हणतोय, आपलीच संस्था काढावी. घरचे म्हणतात, अंगणवाडीची जागा निघालीय, अर्ज भर. सोडलं तर बाया उघड्यावर पडतील, राहिलं तर माझीच मला लाज वाटते. काय करू?

*

सप्रेम जय भीम.

‘ते असो’ म्हणून तू जी गोष्ट एका ओळीत उडवलीस, तिच्यापासून सुरू करते. ती सोडून द्यायची गोष्ट नाही. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली कायदा झाला. त्यात कारखाने आणि कचेऱ्यांबरोबर ट्रस्ट आणि सामाजिक संस्थाही स्पष्ट शब्दांत धरलेल्या आहेत. मानधनावर काम करणारी, इतकंच काय, एक पैसा न घेता स्वयंसेवक म्हणून येणारी बाईसुद्धा त्या कायद्यापुढे कर्मचारीच असते. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती नेमलेली असायलाच हवी, तिची अध्यक्ष बाई हवी आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा हवा. माणसं दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार कारभार चालवणाऱ्याविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. साताऱ्यात जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात विचारलंस की त्या समितीचा पत्ता मिळेल. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. उशीर व्हायला सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

तक्रार करायची की नाही, ते तू ठरव. मी बळजबरी करणार नाही. पण फोनमधल्या नोंदी पुसू नकोस. तारीख, वेळ आणि काय बोलणं झालं ते वहीत लिहीत जा. आणि तुझ्या तिघी सोबतिणींना एकदा मोकळेपणानं विचार, त्यांनाही फोन येतो का. तू गावोगाव बायांना सांगत फिरतेस की अंगावर घेऊ नका, बोला. तोच हक्क तुलाही आहे.

आता मानधन.

तुझ्या पत्रात रागापेक्षा संकोच जास्त दिसला. ‘पैशासाठी म्हणत नाही’ असं तू शब्दात लिहिलं नाहीस, पण सगळ्या पत्रात ते आहे. सामाजिक कामात पैशाचं नाव काढलं की माणूस हलका ठरतो, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. साताऱ्यात तर या समजुतीला आधार म्हणून एक मोठी गोष्ट कायम सांगतात. रयत शिक्षण संस्था ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली. १९२४ ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. मुलांना जेवायला घालायचं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. मला त्या बाईबद्दल अपार आदर आहे. म्हणूनच पगार मागणाऱ्या कार्यकर्तीचं तोंड बंद करायला कुणी तिची गोष्ट काढली की मला संताप येतो. लक्ष्मीबाईंनी स्वतःचं दिलं. दुसऱ्या बाईनं काय सोडावं, हे त्यांनी बैठकीत बसून ठरवलं नव्हतं. तुमच्या संस्थेत त्यागाची अपेक्षा कुणाकडून होते, ते बघ. ऑफिसातल्या माणसाकडून होत नाही, हिशेब लिहिणाऱ्याकडून होत नाही. जी रात्री अकरा वाजता मार खाल्लेल्या बाईला गाडीवर मागं बसवून वडूजला नेते, तिच्याकडूनच होते.

‘मानधन’ असं नाव दिलं म्हणून नोकरीचं नातं बदलत नाही. काम कोण सांगतं, हजेरी कोण घेतं, रजा कोण मंजूर करतं, अहवाल कुणाला द्यावा लागतो, यावर ते नातं ठरतं. संस्थेत एकूण २० किंवा अधिक माणसं कामाला असतील तर भविष्यनिर्वाह निधीचाही प्रश्न येतो, आणि त्या वीसांत तुम्ही चौघीही मोजल्या जाता. किमान वेतनाचंही तसंच. पूर्वी ते सरकारच्या यादीतल्या ठरावीक धंद्यांपुरतं होतं. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिनं ती यादीची भिंत काढून टाकली आहे. साताऱ्याच्या कामगार कार्यालयात जाऊन तुमच्यासारख्या कामाला आज कोणता दर लागतो ते विचारून ये. तिथे भांडायला जाऊ नकोस, नुसती माहिती घे. मग संस्थेकडे पहिली मागणी नेमणूकपत्राची कर. नऊ वर्षं काम केलेल्या बाईच्या हातात आपण इथे काम करतो असं सांगणारा एक कागदही नसावा, ही गोष्ट मला सात हजारांच्या आकड्याइतकीच लागते.

कंपनीच्या निधीबद्दल सर म्हणतात ते अर्धवट आहे. मोठ्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, असं कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं. हा पैसा कुठल्या कामांवर जाऊ शकतो, ते त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलंय. तिच्यात स्त्री-पुरुष समता आहे, स्त्रियांचं सक्षमीकरण आहे, आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास गटांना सोसावी लागणारी विषमता कमी करण्याचे उपायही आहेत. टाकलेल्या बाईला पोटगी मिळवून देणं यात बसत नाही, असं कायदा म्हणत नाही. कंपनीचा कुणी अधिकारी म्हणत असेल, किंवा कंपनीनं काही म्हणायच्या आधीच तुमचे विश्वस्त घाबरून म्हणत असतील. यातलं नक्की काय, ते करारातच कळेल. म्हणून करार वाचायला माग. ‘पोलीस ठाण्यात जाऊ नये’ अशी अट खरंच लिहिलेली आहे का, ते डोळ्यांनी बघ.

शिलाई मशीनला मी नावं ठेवणार नाही. चार पैसे हातात आले की बाईचा आवाज बदलतो, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असशील. शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला बायांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत केला. प्रवर्तक बायांना लिहिता-वाचता येत नाही, अंगठे आहेत, हे कारण. बाया शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि हिशेब आम्हाला तोंडी येतो, तुमच्या साहेबांना करून बघू द्या, म्हणाल्या. १९९७ ला माणदेशी महिला बँक उभी राहिली. त्या कामात पैसा होताच, आणि आम्हाला अडाणी समजून दारातून परत पाठवू नका हे भांडणही होतं. तुमच्याकडे मशीन येतंय आणि भांडण काढून घेतलं जातंय, माझी हरकत त्याला आहे. मशीन ज्या घरात ठेवायचं त्या घरात तिला राहू देतात का? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला राहत्या घरातून हाकलता येत नाही, पण हे दीराला सांगायला कुणीतरी तिच्या बरोबर उभं राहावं लागतं. ब्लाउज शिवून आलेले पैसे संध्याकाळी नवरा काढून घेतो, तेव्हा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र काय कामाचं? ऊसतोडीचं तर विचारूच नकोस. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, आणि बाईच्या मेहनतीचा हिशेब कुठल्याच वहीत तिच्या नावानं लिहिला जात नाही. तिथं शिलाईचा वर्ग पुरत नाही, मुकादमाशी आणि कारखान्याशी बोलावं लागतं.

अटी घालून आलेला पैसा नाकारणारी माणसंही आपल्याच भागात आहेत. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था वेश्याव्यवसायातल्या बायांबरोबर १९९२ पासून एचआयव्हीच्या प्रश्नावर काम करते. अमेरिकेनं २००३ च्या कायद्यात अट घातली की आमचा निधी हवा तर वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याची शपथ लिहून द्या. ज्या बायांबरोबर काम करायचं त्यांच्याच विरोधात सही करायची? संस्थेनं ती केली नाही, आणि तो पैसा सोडला. त्यांना हे जमलं, कारण त्या बायांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, १९९६ पासून उभी होती. संस्था एका बाजूला आणि बायांची परिषद तिच्या शेजारी स्वतःच्या पायावर, ही रचना लक्षात ठेव. तुझ्या शेवटच्या प्रश्नाला तीच उपयोगी पडणार आहे.

वांशिकच्या रकान्यात जात लिही. बिचकू नकोस. परदेशातल्या माणसाला कळणार नाही असं वाटत असेल तर थोडा इतिहास लिही, तो तुझ्याच तालुक्यातला आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत लिहिली. काळ्या गुलामाचं आणि इथल्या शूद्रातिशूद्राचं दुःख शेजारी ठेवून पाहणारा माणूस आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला. पुढे अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट त्याच सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला आल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये तिथंच गेल्या. २००१ ला दर्बानमध्ये वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तिथे मांडायला आपले दलित कार्यकर्ते गेले होते. भारत सरकारनं त्याला विरोध केला, तो भाग वेगळा. तेव्हा हा रकाना आपल्यासाठी नाही, असं समजून तो मोकळा सोडू नकोस.

पण त्या रकान्यात नुसतं ‘आम्ही दलित महिलांबरोबर काम करतो’ एवढंच लिहिलंस तर ते खोटं नसेल, अपुरं असेल. एक साधा तक्ता कर. संस्थेत निर्णय कोण घेतं, पगार कुणाला, मानधन कुणाला, रात्रीबेरात्री गावात कोण जातं. प्रत्येक ठिकाणी बाई किती, पुरुष किती, अनुसूचित जातीचे, भटक्या-विमुक्तांचे, इतर मागास आणि खुल्या गटातले किती. आडनावावरून अंदाज बांधू नकोस, ज्यानं त्यानं आपली जात सांगितली तरच नोंद कर, आणि सांगायची नसेल त्याचा रकाना रिकामा ठेव. हा तक्ता आधी विश्वस्तांच्या बैठकीत ठेवायचा. फॉर्मला जोडायचा की नाही, ते पुढचं. ‘आमची दलित कार्यकर्ती’ म्हणून तुला पाहुण्यांपुढे बसवणाऱ्यांनी, सही करायच्या टेबलाशी तशी एकही बाई का नाही, याचं उत्तर स्वतःला द्यायला हवं. ते वाईटच असतील असं मी म्हणत नाही. चांगल्या मनाची माणसं वर्षानुवर्षं अशा टेबलाशी बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

याच फॉर्मच्या निमित्तानं एक आकडा लक्षात ठेव. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो २० टक्क्यांवर आला. ‘आता मर्यादा आहे, तुमचं मानधन कसं वाढवणार’ असं कुणी सांगेल. संस्थेच्या मूळ उद्दिष्टांवर थेट होणारा खर्च त्या वीस टक्क्यांत धरत नाहीत. बावीस गावांत फिरणं हा जर संस्थेचा मूळ उद्देश नसेल, तर दुसरा कोणता आहे?

नवी संस्था काढावी का, या प्रश्नाला माझं उत्तर आज तरी ‘नको’ असं आहे. चौघींची उमेद खोटी आहे म्हणून म्हणत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, तुम्ही चार आहात. सात झाल्या तरी आपल्या राज्यात त्याच संस्थेची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली धर्मादाय कार्यालयात करावी लागते. मग दरवर्षी लेखापरीक्षण. कार्यकारी मंडळात कुणी आलं-गेलं की ९० दिवसांत बदल अर्ज. देणगीदाराला सवलत हवी तर आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी आणि मान्यता. कंपन्यांचा निधी हवा तर सीएसआर-१ या नोंदणी फॉर्मचा क्रमांक. परदेशी पैशासाठी २०१० च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी, तिच्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. जुन्या संस्थेनं मनात आणलं तरी आपल्याकडे आलेला परदेशी निधी तिला तुमच्या नव्या संस्थेला देता येत नाही, तेही २०२० पासून बंद झालं. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही चौघी कागद करत आणि पदरचे पैसे घालत राहाल. बाईला तहसीलला घेऊन कोण जाणार? आणि पुढे दोन पैसे आलेच तर गावोगाव फिरायला तुम्हीही एखादी मुलगी मानधनावर ठेवाल.

त्यापेक्षा आहे त्या संस्थेत दार ठोठाव. संस्थेची घटना मिळव. ऑफिसात देत नसतील तर साताऱ्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून तिची आणि हिशेबपत्रकांची नक्कल माग. सभासद कुणाला होता येतं, ते त्यात लिहिलेलं असतं. संस्था १८६० च्या कायद्याखालची असेल तर तिला सर्वसाधारण सभा असते आणि कार्यकारी मंडळ तीच निवडते. तुम्ही चौघींनी सभासदत्वाचा अर्ज करायचा, आणि तुमच्या गावांतल्या दहा-बारा जाणत्या बायांनाही करायला लावायचा. नुसता ट्रस्ट असेल तर विश्वस्त कसे नेमायचे ते ट्रस्टच्या दस्तात असतं, तिथे एक जागा कार्यकर्तीची आणि एक गावातल्या बाईची मागा. पगारवाढीपेक्षाही मला ही मागणी मोठी वाटते. मानधन आज वाढवतील आणि पुढच्या वर्षी निधी संपला म्हणून थांबवतील. मत देण्याचा हक्क एकदा मिळाला की असा सहज काढून घेता येत नाही.

त्याच वेळी गावांमधल्या बायांची संघटना उभी करायला लाग. तिला नोंदणीची घाई नको. महिन्याची बैठक, दहा रुपये वर्गणी, वही बायांच्याच हातात. येरळेच्या काठी बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभारलं, ते नदीतली थोडी वाळू विकून आणि लोकांच्या मदतीतून. पैसा आपला होता, म्हणून पाणी कसं वाटायचं तेही त्यांना ठरवता आलं, आणि ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्यालाही त्यांनी पाण्यात वाटा दिला. तुमच्या दहा रुपयांतून धरण होणार नाही. पण पुढच्या वेळी सर म्हणाले की तहसीलला जाऊ नका, तर बाया स्वतःच्या संघटनेच्या नावानं जातील. तू रजा काढून त्यांच्याबरोबर जाऊ शकतेस. ‘सोडलं तर बाया उघड्यावर पडतील’ ही तुझी भीतीही तिथेच कमी होईल, कारण आज त्यांचा सगळा भार तुझ्या एकटीच्या गाडीवर आहे, आणि ते तुलाही झेपणारं नाही.

जोखीम आहे, ती लपवत नाही. मागणीचं पत्र दिल्यावर विश्वस्त चिडू शकतात. काम काढून घेतील, दुसऱ्या कुणाला आणतील. म्हणून अंगणवाडीचा अर्ज भर. घरचे चुकीचं सांगत नाहीत. तिथंही मानधनच आहे हे खरं, पण सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, आणि तो त्या बायांनी संघटित होऊन लढून घेतला. वयाची अट असते, तुझं वय बघता पुढच्या भरतीची वाट पाहू नकोस. अर्ज भरला म्हणजे काम सोडलं असं होत नाही. घरात दोन वेळचं ठरलेलं असलं की बैठकीत आवाज कापत नाही.

आणि वर्षभरात काहीच हललं नाही, सभासदत्व नाकारलं, पत्राला उत्तरच आलं नाही, तर सोड. तेव्हा चौघींनी मिळून सोडा, बायांना आधी सांगून सोडा. त्यांच्या केसचे कागद चोरून नेऊ नका. रेशनकार्ड, फेरफार, कोर्टाची नोटीस, जो कागद ज्या बाईचा आहे तो तिच्या हातात, पोच घेऊन. तोवर संघटनेत तुमच्याबरोबर सात जणी सहज झालेल्या असतील आणि नव्या संस्थेचा विचार तेव्हा करता येईल. तेव्हा मला लिही, घटनेचा मसुदा आपण मिळून बघू. मानधनावर काम करणारीलाही मत देता येईल, हे कलम त्यात सुरुवातीलाच घालू.

परदेशी फंडाच्या फॉर्मची शेवटची तारीख तू कळवली नाहीस. ती जवळ असेल तर क्रम बदलू नकोस. आधी बैठकीच्या मागणीचं पत्र, मग फॉर्म, कारण या दिवसांत त्यांना तुझी गरज आहे. पत्रात चारच गोष्टी असू देत: नेमणूकपत्र, मानधन आणि पेट्रोल, सभासदत्व, आणि कंपनीच्या कराराची प्रत. फोनचा विषय या पत्रात घालू नकोस, त्याचा रस्ता वेगळा आहे. खाली चौघींच्या सह्या, तारीख. दोन प्रती ने, आणि एका प्रतीवर ऑफिसचा आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस.